ई सिम, आ सिम

अक्का दूध घेताना पातेल्यात बोट बुडवायच्या, पण बघायच्या मात्र दूधवाल्याच्या तोंडाकडे. "दुधाला काय कळतंय," म्हणायच्या, "पाणी किती हाय ते तोंडावर दिसतंय की." दूधवाला बिचारा इतका खरा माणूस, पण अक्कांच्या दारात उभा राहिला की चोरी केल्यासारखा घामाघूम व्हायचा. आणि तो घामाघूम झाला की अक्का माझ्याकडे बघून मान हलवायच्या, बघ, मी काय म्हणत हुते!

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. आता त्या नाहीत, पण सोलापुरात सात रस्त्यावरून आत वळलं की त्यांचं ते निळ्या दाराचं घर अजून आहे. मागच्या दोन खोल्यांत मी किती वर्षं काढली! ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे, आणि मशीन चालवता चालवता खिडकीतून अक्कांचा दिवसभराचा बंदोबस्त बघायचे. शेंगाचटणीच्या डब्यात चटणी हातानं दाबून सपाट करायच्या आणि वर बोटानं एक रेघ ओढून ठेवायच्या. रेघ मोडली की कोणीतरी डबा उघडला. आता घरात त्या एकट्या, डबा उघडणार कोण? मी एकदा विचारलंही. तर म्हणाल्या, "म्हणूनच की. कुणीच न्हाय आन रेघ मोडली, मग तर लईच वाईट."

गॅसवाल्याला सिलिंडर तोलायला लावायच्या, ते सगळेच लावतात. अक्का तोलून झाल्यावर काटा उलटा करून बघायच्या. मीटर बघायला माणूस आला तर त्याला आधी त्यांच्या घराचं मीटर कुठलं ते ओळखायला लावायच्या. "खरा आसंल तर वळकंल." आणि दारावर थाप पडली की आतून पहिला शब्द, "यारु?" म्हणजे कोण. बाहेरचा म्हणायचा, "मी." झालं! अक्का आतून म्हणायच्या, "मी तर समदेच आसतात. नाव सांग."

अक्कांचं माहेर मैंदर्गी. त्यामुळे बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि रागावल्या की सगळंच कानडी. मला कानडी शाळेत कोणी शिकवलं नाही, शाळेतच फार गेले नाही म्हणा, पण त्या घरात राहून कानावर पडून पडून आलं. सगळ्यात आधी आले दोन शब्द, ई आणि आ. ई म्हणजे हा, ही, हे. आ म्हणजे तो, ती, ते. अक्कांचं सगळं जग या दोन शब्दांत वाटलेलं होतं. ई मनी, म्हणजे हे घर. ई बागला, म्हणजे हे दार. जे दाराच्या आत ते ई, आणि दाराच्या बाहेर जे काही असेल ते सगळं आ. आ दूधवाला, आ मीटरवाला, आ शेजारीण. मला सुद्धा पहिली काही वर्षं त्या आ बाई म्हणायच्या. मी समोर बसलेली असताना!

त्यांचं कुलूप लावणं तर बघण्यासारखं असायचं. पितळी कुलूप, चांगलं मुठीएवढं. लावायच्या, मग दोन्ही हातांनी त्याला लोंबकळायच्या, आणि मग कुलपाला तोंड लावून हळूच म्हणायच्या, "बिडब्याड." म्हणजे सोडू नकोस. एवढं करून कोपऱ्यापर्यंत जायच्या, तिथून परत यायच्या, पुन्हा ओढायच्या, पुन्हा बिडब्याड. लहानपणी त्यांची पुट्टी त्यांचं बोट धरून असायची. आई कुलूप ओढायची तेव्हा ती कडी ओढायची आणि बोबड्या जिभेनं कडीला सांगायची, बिडब्याड. पुट्टी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. खरं नाव वेगळं, पण आम्हाला सगळ्यांना ती पुट्टीच.

लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू. पण एकदा आम्ही दोघी उन्हात ज्वारी निवडत बसलो होतो, तेव्हा अक्कांनी आपणहून सांगितलं. पुट्टी पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. त्यांचे मालक गिरणीत कामाला. एका दुपारी अनोळखी माणूस दारात आला आणि म्हणाला, तुमचे मालक दवाखान्यात आहेत, लगेच चला. अक्कांना तो खरा वाटेना. एकटी बाई, तान्हं पोर, आणि दारात परका माणूस. त्यांनी विचारायला सुरुवात केली. तू कोण, कुठल्या खात्यातला, राहतोस कुठं, मुकादमाचं नाव काय, दवाखाना कुठला. तो सगळं सांगत होता आणि अक्का पुढचं विचारत होत्या. शेवटी निघाल्या आणि पोचल्या, तोवर सगळं संपलं होतं.

मी एवढंच म्हटलं, "तेव्हा शंका घेतली नसती तर…"

अक्कांनी ज्वारीतला खडा उचलून लांब फेकला. "शंका घेतली त्यात काय चुकलं न्हाय," म्हणाल्या. "प्रश्न चुकीचं इचारले. गिरणी, मुकादम, ह्ये तर लबाड माणसाला बी ठावं आसतंय. प्रश्न येकच इचारावा, पर आसा की आपल्या माणसाबिगर कुणाला येनार न्हाय."

त्या दिवसापासून मी हसणं सोडलं. पुरतं नाही, पण बरंचसं.

आणि मग एक वर्ष असं आलं की अक्कांना भावाच्या आजारपणात मैंदर्गीला राहायला जावं लागलं. निघताना माझ्या खोलीशी आल्या, त्या पितळी कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गेल्या. कोपऱ्यावरून परत आल्या. मला वाटलं किल्ली परत मागतात. तर माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून जराशी ओढून बघितली, आणि गेल्या. त्यानंतर मी कधी आ बाई नव्हते.

पण जावयाला ते भाग्य नव्हतं बघा.

पुट्टी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथून जर्मनीला गेली. तिथं तिला करमाळ्याचा मुलगा भेटला. सालस, हसरा, पण अक्कांच्या जातीतला नाही, ओळखीतला नाही, आणि पुट्टीनं स्वतः निवडलेला. लग्न पुण्यात नोंदणी करून झालं. अक्का आल्या, पण सगळा वेळ जावयाच्या तोंडाकडे न बघता साक्षीदार कोण कोण आहेत तेच बघत बसल्या. तो पाया पडला तर पाय मागे घेतले. तेव्हापासून तो आ हुडुगा. तो पोरगा.

"करमाळ्याचा हाय म्हणतोय," मला म्हणायच्या. "करमाळ्यात आपल्याला कोण वळकतंय? कुणाला इचारायचं?"

"अहो अक्का, कमळाभवानीचं गाव ते. चांगली माणसं असतात."

"देवी चांगली आसंल. तिला कुटं पोरगी दिलीय मी?"

दर रविवारी पुट्टीचा व्हिडिओ कॉल यायचा. ती दिसली की अक्का हसायच्या. मागून जावई डोकावला की फोन माझ्या हातात कोंबून आत निघून जायच्या, चहा ठेवते म्हणून. तो बिचारा माझ्याशीच बोलायचा. अशी तीन-चार वर्षं गेली. त्याचा आवाज मला घरच्यासारखा झाला, पण अक्कांनी तो कधी नीट ऐकलाच नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग पुट्टीला दिवस गेले. बाळंतपणाला अव्वा, म्हणजे आई, पाहिजे म्हणून ती रडायला लागली. आणि मला वेगळा फोन केला, "काकू, अव्वा एकटी आली तर विमानतळावरच चौकशी करत बसंल. तुम्ही पण या हो तिच्यासंगं." आता माझं काय, मुलं आपापल्या संसारात, पासपोर्ट एका सहलीच्या नादात काढून ठेवलेला. निघाले!

सगळ्यात मोठं रामायण झालं ते फोनचं. परदेशात उतरल्यावर फोन चालायला हवा. आपलं सिम तिकडं मुकं होतं, म्हणून पुट्टीनं अक्कांसाठी तिथूनच ई-सिम घेतलं आणि त्याचा तो काळा-पांढरा चौकोन माझ्या फोनवर पाठवला. माझ्या फोनवरचा चौकोन अक्कांच्या फोननं टिपायचा, की झालं, असं म्हणाली. आम्हाला कुठलं जमतंय? सात रस्त्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार पूर्व भागातला, विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. फार शांत माणूस. त्या दिवशी त्याच्या शांतपणाची परीक्षाच होती.

अक्कांनी आधी तो चौकोन निरखून बघितला. "रांगोळीवर कुणीतरी पाय दिल्यागत दिसतंय," म्हणाल्या. "आन ह्ये टिपायचं? टिपलं की पैसं जातात, समदे सांगतात."

"जात नाहीत अक्का," दुकानदार म्हणाला. "मुलीनं सगळं भरलंय. ह्यातून सिम येतं फोनमध्ये."

"कुटं हाय सिम? दाखव."

"ते दिसत नाही."

"दिसत न्हाय, मग आलंय कशावरनं?"

त्यानं अक्कांच्या फोननं चौकोन टिपून दाखवला. पडद्यावर बरोबरची खूण आली. अक्कांनी त्याला सिमचा कप्पा उघडायला लावला. त्यात त्यांचं जुनं सिम होतं, आणि शेजारची जागा रिकामी.

"मोकळंच की रं!"

"अक्का, ई-सिम तिथं बसत नाही. फोनच्या आत आधीपासून जागा केलेली असते, तिथं नंबर येऊन बसतो."

झालं. अक्कांचा चेहरा असा बदलला! जन्मभर खोल्या भाड्यानं देणारी बाई ती.

"आदीपास्नं जागा हाय? म्हंजे माज्या घरात येक खोली हाय, मला ठावं न्हाय, आन तिला भाईरनं दार हाय? आन आजवर त्यात कोण कोण राहून गेलं आसंल?"

"कोणी नाही हो अक्का. पहिलंच हे."

"समदे भाडेकरू आसंच म्हणतात."

मला हसू आवरेना. दुकानदारालाही. तो म्हणाला, "बरं, दोन्ही सिमांना नावं देऊ या म्हणजे तुमचा घोळ होणार नाही. जुन्याला काय नाव देऊ?"

"घर," अक्का म्हणाल्या.

"आणि नव्याला? परदेश लिहू?"

"भाडेकरू लिव."

आणि त्यानं खरंच तसं लिहिलं. फोनमध्ये एकाखाली एक, घर आणि भाडेकरू. पुढं छोटी बटणं, चालू-बंद करायची. ती कशी सरकवायची ते त्यानं अक्कांकडून दोनदा करून घेतलं. माझ्या फोनात असलं काही घातलं नाही. दोघी बरोबरच तर असणार, एकाचं पुरे.

निघायच्या आदल्या दिवशी पुट्टीनं फोनवर आईला बजावलं. फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं. "अव्वा, विमानातनं उतरलीस की ई-सिम चालू कर आणि दुसरं बंद करून टाक. ई-सिम चालू, दुसरं बंद. कळलं?"

"कळलं की," अक्का म्हणाल्या. "येवडं बी कळत न्हाय व्हय मला?"

आणि तिनं सांगितलं, "हा येईल तुम्हाला घ्यायला. बाहेर पडलात की समोरच उभा असेल."

अक्का चहा ठेवायला उठल्या.

विमानात अक्का झोपल्या नाहीत. हवाईसुंदरीनं जेवण ठेवलं ते झाकण उघडून, वास घेऊन परत झाकलं आणि पिशवीतली कडक भाकरी काढली. पट्टा बांधला तो माझ्याकडून ओढून बघितला. मी डोळे मिटले होते तरी मला ऐकू आलं, त्या पट्ट्याला काहीतरी पुटपुटल्या.

उतरलो. सामान आलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची झबली, सगळं नीट. अक्कांनी चालता चालताच फोन काढला आणि बटणं सरकवली. मी बघायला गेले तर फोन छातीशी धरला. त्या बटणांना हात लावू देण्याइतकी किल्ली मला अजून मिळालेली नव्हती.

बाहेर आलो तर समोर जावई नाही.

त्याच्या जागी एक उंच, गोरी म्हातारी. पांढरे केस पोरासारखे कापलेले, आणि हातात कागद. कागदावर अक्कांचं नाव, आणि तेही आपल्या अक्षरांत!

"बघ," अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "गोरी बाई आन मराठी लिवतीय. काय तरी हाय ह्यात."

ती म्हातारी हसत पुढं आली, सामानाच्या गाडीला हात लावायला गेली. अक्कांनी गाडी मागं ओढली. म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी बोलली, आम्ही आमच्या. शेवटी तिनं तिचा फोन काढला, त्यात काही टाइप केलं आणि आमच्यापुढं धरला. पडद्यावर मराठीत वाक्य आलं होतं. मी मोठ्यानं वाचलं. "मी शेजारी आहे. मुलगी रुग्णालयात आहे. बाळ लवकर येत आहे. कृपया माझ्यासोबत या."

अजून तर कितीतरी अवकाश होता! मी अक्कांकडे बघितलं. त्यांचा रंगच उडाला होता. पण पाय जमिनीत रोवल्यासारखे.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "ह्येच सांगतात. तुमचं माणूस दवाखान्यात हाय, लगीच चला. तवा बी ह्येच सांगितलं हुतं."

"अक्का, पण कागदावर तुमचं नाव आहे."

"नाव काय, पिशवीच्या चिठ्ठीवर बी हाय."

म्हातारीला कळलं असावं. तिनं कुणाला तरी फोन लावला आणि अक्कांच्या पुढं केला. आतून पुरुषाचा आवाज येत होता. मी हात पुढं करणार, तेवढ्यात अक्कांनी माझा हात धरला. "तिच्या फोनात तिचाच मानूस बोलनार की. आपल्या फोनात आला पायजे."

आणि आपला फोन मुका. अक्कांनी लावून बघितला, पुट्टीला, जावयाला, पुन्हा पुट्टीला. काही नाही. माझ्या फोनचं तर नुसतं घड्याळ झालं होतं. भिंतीवर फुकट वायफायची पाटी दिसली, मी सुचवलं. पण त्याबद्दल अक्कांनी सोलापुरातच मला शपथ घातली होती. "फुकटचं वायफाय म्हंजे परक्याच्या हिरीचं पाणी. आत काय पडलंय कुणाला ठावं?"

आम्ही बाकावर बसलो. म्हातारी समोर उभी, घड्याळाकडे बघत. अक्कांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. मी हळूच म्हटलं, "अक्का, ती खरं सांगत असली तर?"

"तर मी आजून येकडाव उशिरा पोचनार," त्या म्हणाल्या.

खोटं मानलं तर पुट्टी एकटी, खरं मानलं तर दोघी म्हाताऱ्या कुठल्या कुठं. मी देवाचं नाव घेत बसले. आणि अक्का एकाएकी चिडल्या, त्या फोनवरच. पडदा उघडून त्यावर बोट आपटायला लागल्या. "पुट्टी म्हनली तसंच केलंय की! ई सिम चालू, दुसरं बंद. ई सिम! ई!"

मी बघितलं. त्यांचं बोट ज्याच्यावर आपटत होतं तिथं लिहिलं होतं, घर.

अहो, ई! मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही मराठीत ऐकलं ई-सिम, आणि अक्कांनी कानडीत ऐकलं, ई सिम. हे सिम! आणि अक्कांच्या जगात हे म्हणजे काय असणार? घरच! तो तोंड न दाखवता राहायला आलेला भाडेकरू कधी ई होईल का? तो तर आ. त्याला त्यांनी बंद करून टाकला होता. पुढं सोलापुरात परतल्यावर त्या दुकानदाराला सांगितलं तर तो हसून हसून खाली बसला. म्हणाला, "काकू, आमच्या तेलुगूत पण ई म्हणजे हेच की! मला कसं सुचलं नाही!"

"अक्का," मी म्हटलं, "ई म्हणजे हे नव्हे. त्या नव्या सिमचं नावच ई आहे."

"ई ह्ये काय नाव हाय?"

"असतं. भाडेकरूला चालू करा."

"आन घर बंद करू? भाडेकरूच्या हातात समदं देऊन?"

"मला नव्हती का किल्ली दिली?"

अक्कांनी माझ्या मुठीकडे बघितलं. मग बोट पुढं केलं. थांबलं. आणि सरकवलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फोन जो थरथरायला लागला तो थांबेचना. जावयाचे निरोप, एकाखाली एक. आई, निघालो दवाखान्यात. आई, शेजारच्या आजी येतील न्यायला. आई, पोचलात का? आई, फोन लागत नाही. आणि ते वाचत होते तोवर फोन वाजलाच. अक्कांच्या स्वतःच्या फोनात. मी स्पीकर लावून दिला.

"हॅलो आई? मी बोलतोय!"

"मी तर समदेच आसतात," अक्का म्हणाल्या.

"मी जावई तुमचा. आई, त्या आजींच्या गाडीत बसा, पुट्टीला…"

"पुट्टीकडं फोन दे."

"आई, ती बोलायच्या परिस्थितीत नाही. आतच आहोत आम्ही."

मी खूण केली, तोच आहे, आवाज ओळखते मी. अक्कांनी मान हलवली. आवाज काय, हल्ली आवाजसुद्धा बनवतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्यांनी डोळे मिटले. मला कळलं, त्या प्रश्न शोधत होत्या. एकच. बाकावर अगदी ताठ बसून त्यांनी विचारलं, "माजी पुट्टी घरातनं भाईर पडताना दारापशी काय करती?"

हे असलं कुठला पुरुष बघतो?

"दार ओढून बघते," तो म्हणाला. "इथल्या दाराला कुलूपच नाही, ते आपोआप लागतं, तरी ओढते. आणि दाराला म्हणते, बिडब्याड. मी पहिल्यांदा विचारलं होतं, कुणाशी बोलतेस? तर म्हणाली, आमच्या घरात सांगावं लागतं, नाहीतर सोडतंय ते." मग म्हणाला, "आई, सकाळपासून माझा हात धरून तेच म्हणतीय ती. बिडब्याड, बिडब्याड. मी हलू शकत नाही हो इथनं. म्हणून नाही आलो तुम्हाला घ्यायला."

अक्का उठल्या. सामानाची गाडी स्वतः ढकलत त्या गोऱ्या म्हातारीच्या हातात दिली. आणि फोनमध्ये म्हणाल्या, "मग सोडू नगं. मी येती तवर हात सोडू नगं."

दवाखान्यात पोचलो तेव्हा पुट्टी अजून आतच होती. पोचलो, वेळेत पोचलो. एका नर्सबाईनं अक्कांना हिरवा झगा घातला आणि आत नेलं. मी त्या शेजारच्या म्हातारीबरोबर बाहेर बसले. मी तिला लाडू दिला. तिनं वास न घेता खाल्ला.

कितीतरी वेळानं दार उघडून अक्का बाहेर आल्या. केस विस्कटलेले, झगा तसाच.

"पोरगी झाली," म्हणाल्या.

"आणि पुट्टी?"

"बरी हाय." माझ्या शेजारी टेकल्या. पाय लांब केले. जन्मात त्यांना असं सैल बसलेलं मी बघितलं नव्हतं. मला वाटलं आता डोळ्यांना पदर लावतील. पण अक्का त्या अक्काच. माझ्याकडे वाकून, कोणी ऐकत नाही ना ते बघून, हळू आवाजात म्हणाल्या, "हात बगितला मी त्याचा. उलटा करून. समदी नखं रुतल्यात. खरं बोलत हुता बग, ई हुडुगा."